हृदयाच्या औषधांच्या चाचण्या खानदेशात व्हायलाच हव्यात

जळगाव-धुळ्याकडे औषधांच्या चाचण्यांवरून जो वाद ऐकू येतो, तो ऐकून वाईट वाटतं. एका बाजूचे लोक विचारतात, ‘आम्ही काय प्रयोगशाळेतले उंदीर आहोत?’ दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ‘संशोधन व्हायचं तेवढं परदेशात झालंय, डॉक्टर लिहून देतील ते मुकाट्याने घ्या.’ तिसरा गट या दोघांनाही मोडीत काढतो. त्याच्या मते रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या म्हणजे कंपन्यांचा सापळा; अर्जुनाची साल आणि लसूण असताना गोळी हवी कशाला? सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हेच तीन सूर लागतात. औषध आपल्या माणसांना, आपल्या उन्हात, आपल्या कामाच्या पद्धतीत कितपत लागू पडतं हे मोजून पाहावं, असं मात्र तिघांपैकी कोणालाच वाटत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या औषधांवरचं संशोधन खानदेशात व्हायला हवं, आपण ते मागून घ्यायला हवं, आणि ते सरकारी पैशातून, आपल्या प्रश्नांवर आणि कडक नियमांखाली व्हायला हवं. चाचणीला नकार दिला म्हणजे आपण सुरक्षित झालो, हा समज मला धोक्याचा वाटतो.

आपले प्रश्न म्हणजे कसले, ते एका उदाहरणाने सांगतो. यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या बागेत निंदणीला जाणारी पन्नाशीची बाई घ्या. रक्तदाब निघाला म्हणून आरोग्य केंद्रातून तिला गोळ्या सुरू झाल्या. त्यातली एक लघवी वाढवणारी. तिला सगळे ‘पाण्याची गोळी’ म्हणतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बाई सकाळी सहाला टेम्पोत बसून बागेवर पोचते. तिथे संडास नाही, आणि मुकादमासमोर दर अर्ध्या तासाने काम सोडून आडोशाला जाणं तिला जमत नाही. मग ती कामाच्या दिवशी पाण्याची गोळी टाळते आणि खाड्याच्या दिवशी घेते. एखाद्या दिवशी चक्कर आली की आठवडाभर सगळ्याच गोळ्या बंद. आरोग्य केंद्रातला साठा संपला की मेडिकलवाला पट्टीतून कात्रीने कापून पाच गोळ्या देतो, आणि तिच्या हिशेबाने त्या पाच गोळ्या बरेच दिवस पुरतात. कार्डावर नोंद मात्र ‘औषध चालू’ अशीच राहते. उद्या तिला लकवा मारला तर घरचे म्हणणार, एवढ्या गोळ्या खाऊनही झालंच ना? डॉक्टर म्हणणार, बाई गोळ्या घेतच नव्हती. घाम गाळणाऱ्या माणसाला मे महिन्यात ही गोळी किती द्यावी, संध्याकाळी दिली तर चालेल का, की उन्हाळ्यापुरती तिच्याजागी दुसरी द्यावी, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारणार नाही.

या गोळीमागचं संशोधन कच्चं आहे असं मुळीच नाही. अमेरिकेत मुख्यतः सरकारी पैशातून झालेल्या ‘ऑलहॅट’ या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ३३ हजारांहून अधिक रुग्णांमध्ये जुनं, स्वस्त क्लोरथॅलिडोन (ही पाण्याचीच गोळी) आणि त्या वेळची नवी, महागडी अम्लोडिपिन व लिसिनोप्रिल यांची तुलना झाली. हृदयविकाराचा झटका टाळण्यात स्वस्त गोळी कुठेही मागे पडली नाही, आणि हार्ट फेल्युअर टाळण्यात तर सरस ठरली. स्वस्त गोळीच्या बाजूने असा पुरावा उभा करायला सरकारच लागतं. पण ते रुग्ण होते अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोतले. आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशी साधी, पायरीपायरीची पद्धत घालून दिली, आणि ते फार चांगलं काम आहे. मात्र सुरुवातीच्या २५ जिल्ह्यांत महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग होते. खानदेशातला एकही जिल्हा नव्हता. पाण्याची गोळी शरीरातलं मीठ आणि पाणी बाहेर काढते, म्हणून दाब उतरतो. उन्हाळ्यात घामावाटेही तेच बाहेर जातं, आणि उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे दाब आपोआपच थोडा खाली आलेला असतो. त्यावर गोळीची पूर्ण मात्रा पडली तर चक्कर येणारच. सोडियम उतरलं की माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो, पोटॅशियम उतरलं की ठोके बिघडतात, पाणी फार कमी झालं की मूत्रपिंडावर ताण येतो. हे शरीरशास्त्र डॉक्टरांना ठाऊक आहे, आणि कित्येक अनुभवी डॉक्टर उन्हाळ्यात मात्रा कमी करतातही. पण किती कमी करावी, कोणाची करावी, आणि कमी केल्यावर लकव्याचं प्रमाण वाढतं की नाही? हा हिशेब आपल्या भागात हजारो माणसांची नोंद ठेवून करायला नको का?

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेऊ. ‘आम्ही उंदीर नाही’ हे वाक्य हवेतून आलेलं नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस हजारो मुलींना टोचली गेली. त्यातल्या कितीतरी आदिवासी होत्या. खम्ममला वसतिगृहांच्या अधीक्षकांनी पालकांच्या जागी सह्या केल्याचं पुढे उघड झालं. २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला, आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. नंदुरबारच्या आश्रमशाळा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ती वसतिगृहं कशी असतील हे सांगावं लागत नाही. अक्कलकुव्याच्या पाड्यावरचा बाप आपल्या मुलीच्या नावाने कोणी कशावर सही केली हे कसा तपासणार? शिवाय कंपन्यांचा इतिहासही काही स्वच्छ नाही. रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीचं औषध २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावं लागलं, कारण त्याने हृदयविकाराच्या झटक्यांचा धोका वाढत होता. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतच त्याची खूण दिसली होती, तरी चार वर्षं विक्री चालू राहिली. हे सगळं माहीत असलेला माणूस चाचणीचं नाव काढताच बिथरला, तर त्याला अडाणी म्हणण्याचा हक्क कोणाला आहे?

पण खम्ममने सिद्ध काय केलं? न विचारता, न समजावता, झालेल्या त्रासाचा पाठपुरावा न करता माणसांवर काही करणं हा गुन्हा आहे, हे सिद्ध केलं. विचारून, समजावून आणि मोजून करणं हाही गुन्हाच, असं त्यातून निघत नाही. त्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले, नुकसानभरपाईचे नियम आले, आणि २०१९ मध्ये नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांची नियमावली लागू झाली. आता नव्या औषधाची चाचणी आधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवावी लागते. तिला मंजुरी देणाऱ्या आचारसमितीत किमान सात सदस्य लागतात. त्यांतले निम्मे संस्थेबाहेरचे, एक वैद्यकाशी संबंध नसलेला सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट. दुर्बल घटकातल्या माणसावर नव्या रेणूची, म्हणजे अगदी नव्या रसायनाच्या औषधाची, चाचणी असेल तर संमती घेतानाचं चित्रीकरण सक्तीचं आहे. नियम कागदावर राहण्याची भीती मलाही वाटते. पण ते कागदावरून खाली उतरवायला लावणं आणि चाचणीच नको म्हणणं यांतला पहिला मार्ग आपल्या हिताचा आहे, कारण दुसऱ्या मार्गाने प्रयोग थांबत नाही. प्रयोग चालूच राहतो, त्याची वही तेवढी कोणी ठेवत नाही.

असा वहीविना प्रयोग किती महाग पडतो, याचं उदाहरण हृदयरोगाच्याच इतिहासात आहे. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयाचे अधूनमधून जादा ठोके पडत असतील, तर त्याला पुढे अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. मग ते ठोके औषधाने दाबले तर माणूस वाचेल, हे कोणालाही पटण्यासारखं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके हुकमी दाबत होती. ईसीजी सुरेख दिसायचा, डॉक्टर निश्चिंत, रुग्ण खूश. अमेरिकेत ती सर्रास लिहून दिली जात असताना काही संशोधकांनी आग्रह धरला की एका गटाला औषध आणि दुसऱ्या गटाला बिनऔषधाची गोळी देऊन मृत्यू मोजून पाहू. ‘अर्ध्या रुग्णांना औषध नाकारणं अन्याय आहे’ असा विरोध झालाच. ती चाचणी १९८९ मध्ये मध्येच थांबवली गेली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार सुमारे दीड हजार रुग्णांपैकी औषध घेणाऱ्या गटात ६३ जण दगावले होते, तर बिनऔषधाच्या गटात २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसं मरत होती. एकेका डॉक्टरला हे कधी कळलं असतं का? त्याचा एखादा रुग्ण गेला तर तो म्हणणार, हृदयच कमकुवत होतं. ज्यांना ‘खोटी’ गोळी मिळाली म्हणून आपण हळहळलो असतो, त्याच गटातले जास्त लोक घरी परतले. म्हणून ‘अर्ध्यांना औषध न देणं पाप’ हा आक्षेप औषधाचा उपयोग आधीच सिद्ध असेल तिथे शंभर टक्के बरोबर, आणि तो सिद्ध नसेल तिथे पोकळ. सिद्ध औषध हाताशी असताना नव्याची तुलना बिनऔषधाच्या गोळीशी करायची नसते, त्या सिद्ध औषधाशीच करायची असते. आचारसमितीने पहिल्यांदा पाहायचं ते हेच.

झाडपाल्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी टाकून बोलणार नाही, कारण या बाबतीत आपल्याच भूमीने जगाला मोठा धडा दिला आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिचा परिणाम पद्धतशीर नोंदवला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तो प्रसिद्ध केला. त्याआधी जगभर परिस्थिती अशी होती की रक्तदाब फार वाढला तरी डॉक्टरांच्या हाती देण्यासारखं जवळपास काहीच नव्हतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा वर्षानुवर्षं चढत गेलेला दाब कागदावर नोंदला जात होता आणि इलाज जेमतेम होता. डॉ. वकील यांच्या लेखानंतर काही वर्षांत सर्पगंधेतून रेसर्पिन हे औषध वेगळं काढलं गेलं. पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १४३ पुरुषांवर केलेल्या एका चाचणीचे निकाल १९६७ मध्ये आले. त्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ इतका होता. अर्ध्यांना पाण्याची गोळी, रेसर्पिन आणि हायड्रॅलझिन. अर्ध्यांना बिनऔषधाच्या गोळ्या. गंभीर घटना बिनऔषधाच्या गटात २७ झाल्या आणि औषधाच्या गटात दोन. रक्तदाब उतरवल्याने माणूस वाचतो, याचा पहिला ठोस पुरावा तो. त्यात आपल्या सर्पगंधेचा अंश होता. तिला हे मानाचं पान कशाने मिळालं? तिची मोजणी झाली म्हणून मिळालं. मोजणीतूनच पुढे हेही कळलं की रेसर्पिनने काही जणांच्या मनावर उदासी दाटते, आणि मग चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. अर्जुनाच्या सालीवर छोट्या चाचण्या झाल्या आहेत, पण हजारो रुग्णांना वर्षानुवर्षं पाहून मृत्यू मोजणारी चाचणी झालेली नाही. जे लोक तिची बाजू इतक्या तळमळीने मांडतात, त्यांनी तर अशा चाचणीसाठी सगळ्यात आधी हट्ट धरायला हवा. मोजणी मध्येच सोडूनही चालत नाही. पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या कळलावीच्या कंदात असणारं कोल्चिसिन अगदी अल्प मात्रेत हृदयरोग्यांना उपयोगी पडतं, असं २०१९ आणि २०२० च्या दोन चाचण्यांत दिसलं. २०२४ मध्ये झटक्याच्या सात हजारांवर रुग्णांत झालेल्या तिसऱ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. (कळलावीचा कंद विषारी आहे. हे वाचून कोणी तो उगाळून घेऊ नये, ही हात जोडून विनंती.)

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे ‘संशोधन झालंय, वेगळं कशाला’ याचं उत्तर द्यायला जरा जपून बोलावं लागतं, कारण त्यांच्या म्हणण्यात बरंच सत्य आहे. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या सिम्वास्टॅटिनने (हे ‘स्टॅटिन’ जातीचं औषध) माणसं जास्त जगतात हे दाखवणारी १९९४ ची चाचणी डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे आणि स्वीडनच्या ४,४४४ रुग्णांवर झाली. एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. त्या थंड देशांतलं ते औषध भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्यालाही लागू पडतं. हृदय सगळीकडे सारखंच आहे. ‘आमची माणसं वेगळी’ हा मुद्दा ताणला तर काय हसं होतं, तेही एका चाचणीने दाखवून ठेवलंय. १९८८ मध्ये ‘आयसिस-२’ने झटक्याच्या १७,१८७ रुग्णांत सिद्ध केलं की साधी अ‍ॅस्पिरिन मृत्यू २३ टक्क्यांनी घटवते, आणि गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजची जोड दिली तर ४२ टक्क्यांनी. संपादकांनी छोट्या छोट्या गटांचे वेगळे आकडे मागितले, तेव्हा संशोधकांनी रुग्णांच्या राशीही मांडून दाखवल्या: मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होत नाही! लहान तुकडे पाडत गेलं की योगायोगही नियम वाटू लागतो, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणून खानदेशापुरती शंभर-दीडशे माणसांची चाचणी करून ‘आमच्याकडे स्टॅटिन चालत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन.

फरक पडतो तो मात्रेत, वयात आणि परिस्थितीत, आणि तो बारीक असला तरी माणसाच्या जिवाशी निगडित आहे. रोसुवास्टॅटिन हे स्टॅटिनच्याच जातीचं औषध आशियाई लोकांच्या रक्तात जवळपास दुप्पट साठतं, भारतीयांच्याही. म्हणून अमेरिकेत आशियाई रुग्णांना ते पाच मिलिग्रॅमपासून सुरू करावं अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात आहे. मोजलं नसतं तर कळलं असतं का? दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि इतर देशांत ५९ च्या आसपास, हे ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांच्या अभ्यासाने दाखवलं. ती सहा वर्षं म्हणजे मुलीचं लग्न आणि विहिरीचं कर्ज अजून डोक्यावर असतानाची वर्षं. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या रुग्णांचं उदाहरण तर फार बोलकं आहे. हा गरिबांचा आजार. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ गेला. तिथल्या अनुभवावरून सगळ्यांना वाटत होतं की रक्त पातळ ठेवायला नवं, महाग रिव्हारोक्साबॅन जुन्या वॉरफरिनच्या जातीच्या गोळ्यांइतकंच चांगलं ठरेल, आणि वारंवार रक्त तपासायची कटकटही जाईल. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या साडेचार हजारांवर रुग्णांत २०२२ मध्ये निकाल उलटा आला. लकवा, गुठळी, झटका किंवा मृत्यू अशा घटना नव्या औषधाच्या गटात ५६० झाल्या, जुन्याच्या गटात ४४६. गरीब देशांतल्या रुग्णांनी भाग घेतला म्हणून गरीब देशांतल्या रुग्णांचे प्राण आणि पैसे दोन्ही वाचले. आणि फार लांब कशाला, आपल्या शेजारच्या विदर्भातलंच पाहा. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांना हा आजार चांगला परिचयाचा. त्यावरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाची मात्रा परदेशात चढवत चढवत नेतात. नागपूरला मुलांवर झालेल्या चाचणीत ठरावीक कमी मात्रेनेही दुखण्याचे झटके घटल्याचं दिसलं. कमी मात्रा म्हणजे कमी रक्ततपासण्या, आणि धडगावच्या आईला नंदुरबारच्या कमी फेऱ्या.

राहिला तो आक्षेप जो मला स्वतःला रात्री अस्वस्थ करतो: ‘आधी डॉक्टर द्या, ईसीजी मशीन द्या, अँब्युलन्सला डिझेल द्या, संशोधन नंतर.’ मोलगीच्या पाड्यावर ‘छातीमा दुखस’ म्हणत बसलेल्या माणसाला संशोधनाच्या गोष्टी सांगणं क्रूर वाटेल, हे मला मान्य आहे. झटका येऊन गेलेल्या किंवा लकवा मारलेल्या लोकांपैकी भारतासारख्या गरीब देशांत ८० टक्के लोक एकही सिद्ध औषध घेत नाहीत, असं १७ देशांच्या एका पाहणीत २०११ मध्ये दिसलं. पण हेही कळलं कशाने? मोजण्यानेच. भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांनी झटक्याच्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवली आणि २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसलं की निम्म्या रुग्णांना दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचायला सहा तासांहून अधिक लागले. पोचल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला जेमतेम ५० मिनिटं. म्हणजे वेळ दवाखान्यात जात नव्हता, घरी आणि रस्त्यात जात होता. त्याच नोंदीत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के महिनाभरात दगावले आणि श्रीमंतांपैकी ५.५ टक्के; उपचारांतला फरक हिशेबात धरल्यावर ही दरी नाहीशी झाली. गरिबाचं हृदय कमकुवत नसतं, त्याला औषधं कमी मिळतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणत्या मोर्चाने दिला असता? तमिळनाडूने मोठं रुग्णालय आणि त्याभोवतीची लहान रुग्णालयं जोडून, लहान ठिकाणी ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन, आधीचे आणि नंतरचे आकडे ठेवले. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. त्या आकड्यांच्या जोरावर पैसा मागता येतो. आपण जेव्हा ‘चोपड्याला इंजेक्शन ठेवा’ म्हणतो, तेव्हा आपल्या हातात काय असतं? चोपड्याहून जळगावला निघून वाटेतच किती माणसं गेली, याचा आकडा कोणाकडे आहे? ती ५० शहरांची नोंद रुग्णालयात पोचलेल्यांची होती. जे पोचले नाहीत ते कोणत्याच यादीत नाहीत.

दुसरीकडे, सुशिक्षित वस्त्यांमध्ये भलतंच चाललंय. चाळिशी ओलांडली, एखादा मित्र झटक्याने गेला, की धडधाकट माणसं स्वतःच्या मनाने रोज अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. २०१८ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, त्यांतली एक १९ हजारांवर वृद्धांची. ज्यांना हृदयविकार झालेलाच नाही अशांना रोजच्या अ‍ॅस्पिरिनचा जो काही फायदा होतो, तो पोटातल्या आणि इतर रक्तस्रावाने बव्हंशी धुऊन निघतो. झटका येऊन गेलेल्याने ती सोडायची नाही, आणि काहीच नसलेल्याने डॉक्टरांना न विचारता सुरू करायची नाही. बागेतल्या बाईपर्यंत औषध पोचत नाही आणि कॉलनीतला माणूस नको ते खातो. दोन्हीकडे आपल्यापर्यंत संशोधन पोचलेलं नाही.

तर मागायचं काय, ते नेमकं सांगतो. धुळ्याला, जळगावला आणि नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शिरपूर, शहादा, चोपडा इथे औषधनिर्माणशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत. रक्तदाबाचे हजारो रुग्ण सरकारी नोंदीत आहेत आणि गोळ्या सगळ्या जुन्या, पेटंट संपलेल्या. यात कोणत्याही कंपनीची गरज नाही. होळीनंतर नावनोंदणी करावी. शेतात काम करणाऱ्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत: एकाला नेहमीची पाण्याची गोळी, दुसऱ्याला आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) पावसापर्यंत तिच्याजागी दुसरी सिद्ध गोळी. दोन्ही गटांना औषध मिळतंच आहे, कोणीही उपाशी नाही. दाब, सोडियम, पोटॅशियम, मूत्रपिंडाची तपासणी, चक्कर, पडणं, आणि गोळी खरोखर घेतली की नाही, एवढं मोजावं. एक उन्हाळा पुरणार नाही, दोन-तीन लागतील. लकव्याचं उत्तर एकट्या खानदेशातून मिळणार नाही, त्यासाठी विदर्भ-मराठवाड्यातले उन्हाचे जिल्हे जोडून घ्यावे लागतील. चार औषधं एका गोळीत घालण्याच्या कल्पनेची मोठी परीक्षा अशीच अनेक देश जोडून झाली. ५,७१३ लोकांच्या त्या चाचणीतले जवळजवळ निम्मे भारतीय होते, आणि २०२० मध्ये दिसलं की अ‍ॅस्पिरिनसह ती गोळी घेणाऱ्यांत झटका-लकव्यासारख्या घटना ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२३ मध्ये अशी एकत्रित गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. सिद्ध झालेली ती गोळी आपल्या आरोग्य केंद्रात अजून का मिळत नाही, हा प्रश्न तर आमदारांना आजच विचारता येईल.

आणि संमतीपत्र. बारा पानी, सरकारी मराठीतला, ‘सहभागी व्यक्तीस अवगत करण्यात येते की’ असा कागद पावरा बाईसमोर ठेवून अंगठा घेणं म्हणजे पुन्हा खम्ममच. बोलणं अहिराणीत, भिलीत, पावरीत व्हावं. ते करणारी व्यक्ती गावातली असावी, आणि ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत उलट सांगितल्याशिवाय ‘समजलं’ असं धरू नये. नाही म्हणणाऱ्याचं औषध एक दिवसही थांबणार नाही, हे ग्रामसभेत सर्वांसमोर सांगावं. निकाल इंग्रजी मासिकात छापून येण्याच्या आत त्याच ग्रामसभेत सांगितला जावा, मग तो चांगला असो वा वाईट. या अटी घालायची जागा कायद्याने आपल्याला दिलेली आहे. चाचण्या मंजूर करणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाच्या आचारसमितीत सामान्य नागरिकाची एक खुर्ची असते. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत त्या खुर्चीवर आज कोण बसलंय, त्याची निवड कोणी केली, आणि शेतमजुरांपैकी, आदिवासींपैकी कोणी तिथवर कधी पोचलं का? माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज केला तर ही नावं मिळतील. मे महिन्यातल्या पाण्याच्या गोळीचा प्रश्न त्याच माणसाच्या हाती लेखी द्यायचा आहे.